तिथीची पाऊणपट

टीव्ही पडवीत आणला. एक्स्टेन्शनची वायर
खिडकीतून, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून.
तळाशीलची अर्धी वाडी वाळूत बसली पाय पसरून,
दोन कुत्री, पाटीभर उकडलेल्या शेंगा,
कारण आज बक्षिसं होती
आणि एका सिनेमात आमचा किनारा होता.

गेल्या माघात बर्वेबाई आल्या होत्या.
त्यांना हवं होतं: सूर्य बुडतोय
आणि उधाणाचं पाणी नटीच्या उंबऱ्याला लागतंय,
एकाच चौकटीत. तारीख सांगा, म्हणाल्या.
हरबा मेतराने बोटांची पेरं मोजली.
"तिथीची पाऊणपट करा, बाई.
चौथीक तीन, अष्टमीक सहा.
सांजेक भरती व्हयी तर अष्टमी धरा,
पण अष्टमीक भांग, पाणी नुसतां रांगता.
उधान व्हया तर पुनव. पुनवेची भरती दुपारी,
सांजेक सुकती.
दोनय एका टायमाक
दर्यान आजपावत कोणाक दिल्यान नाय."

"थोडी तडजोड होईल का?" मॅनेजर म्हणाला.
"कोणावांगडा?" हरबाने विचारलं.
खरंच विचारलं.

नऊ दिवस युनिट बसून जेवलं.
खानावळ माझी, मी खूश.
दहाव्या दिवशी पुनव. उन्हं कलल्यावर
बाई उठल्या, पेन्सिल चावत म्हणाल्या, चला, असंच.

समुद्र पार तिकडे गेला होता.
होड्या कुशीवर. कुर्ल्यांनी वळलेल्या वाळूच्या गोळ्या.
नटीला भावाचं वल्हं पाण्यात सोडायचं होतं
आणि पाणीच नव्हतं.
ती चालत राहिली, चार मिनिटं.
चप्पल रुतली, ती तिने काढून हातात घेतली,
हे कागदावर नव्हतं.
वल्हं या खांद्यावरून त्या खांद्यावर.
खाडीपलीकडच्या माडांतून तेव्हाच चंद्र वर आला.
कॅमेऱ्याची पाठ तिकडे.
तो फक्त हरबाने पाहिला,
आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मी.

पुढे शाळेच्या पटांगणात पडदा बांधून दाखवला,
त्या चार मिनिटांत एका पोराने विचारलं,
"कधी पोचतली?"
कोणी त्याला गप्प केलं नाही.
द्वारकाकाकीने पाय वर घेतले खुर्चीवर,
चिखल लागेल तसे.

तर, बक्षिसं.
आमच्या सिनेमाला एकच मिळालं, वेशभूषेचं.
ती साडी द्वारकाकाकीची, दोनशे रुपये भाडं.
मग मोठं पाकीट फाटलं. नाव दुसऱ्याचं.
झलक दाखवली: लालबुंद सूर्य, त्याच्याच शेजारी
अख्खा चंद्र, आणि उंबऱ्यावर फेसाळतं उधाण.
सभागृह उभं राहिलं.
"दोघय एकाच घरात?" हरबा म्हणाला,
"आणि सांजेक उधान!" टरफल थुंकला.
वाडी खदखदून हसली.

द्वारकाकाकी हसली नाही. ती रडत होती.
"माझो बापूस असोच गेलो," म्हणाली,
"पाणी दारापर्यंत इल्ला."
हरबाने शेंगांची पाटी तिच्याकडे सरकवली.
मी त्या रात्रीपासून दोन्ही सिनेमे
मनात शेजारी ठेवून बघतो,
जेवण वाढताना, हिशेब करताना.
अजून बेरीज जमत नाही.

अकराच्या सुमारास फोन वाजला.
मागे टाळ्या, काचेचे आवाज.
"हरबाकाका, पाणी आता कुठे आहे?"
हरबाने अंधाराकडे पाहिलं.
"आज पंचमी, बाई. आत्ता चढाक लागलां.
पावणेचाराक भरतलां."
"जरा थांबते," त्या म्हणाल्या.

त्याने फोन हातभर लांब,
पाण्याच्या दिशेने धरला.
टीव्हीवर कुणीतरी आईचे आभार मानत होतं.
मी आवाज कमी केला.