बाकि नाही

वाशीच्या बँकेत, काचेपलीकडच्या पोरानं
स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"मावशी, सिबिलमध्ये डाग आहे."
डाग म्हटल्यावर मी आधी पदर पाहिला.

सहा हजार दोनशे चाळीस.
पुढे लिहिलेलं : राइट-ऑफ.
फ्रिजचं कर्ज.
फ्रिज भंगारात गेला त्यालाही पाच वर्षं झाली,
पण माझ्या नावापुढे तो अजून प्लग लावून उभा,
रात्रंदिवस घरघरतोय.

घेतला तेव्हा हे रबाळ्याला फिटर होते.
दसऱ्याचा बोनस वाटायच्या आधी
कंपनीनंच गेटला कुलूप घातलं.
चार हप्ते चुकले. चुकलेच.
वसुलीला किसन बारगजे यायचा,
जिन्यातूनच नाव घेऊन हाका मारायचा,
म्हणजे वरच्यांना कळावं, खालच्यांनाही.
पहिल्या दिवशी मी दार लावून घेतलं.
नंतर पाणी देऊ लागले. ऊन त्यालाही होतं.

पाचव्या महिन्यात शिलाई मशीनची मोटर विकली,
पुन्हा पायानं मशीन मारायला बसले
आणि पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.
त्यानं कमरेच्या यंत्रातून पावती फाडली.
मी म्हटलं, यंत्राचं मला कळत नाही,
मागं हातानं लिहा.
तो वैतागला. पण लिहिलं.

बारा वर्षांनी फाइल उघडली, तर पावती कोरी.
उन्हात धरली, चष्मा बदलून पाहिली,
झेरॉक्सवाल्या अन्सारीनं मशीन गडद करून पाहिलं :
पांढऱ्यावर पांढरं.
म्हणजे कर्ज पक्क्या शाईत
आणि फेड उडून जाणाऱ्या.

मग कागद उलटा केला.
निळं बॉलपेन, दाबून लिहिलेलं, पलीकडे उमटलेलं :
पैशे मिळाले. बाकि नाही. कि. बारगजे.
खाली तारीख.
बाकीची वेलांटी चुकलेली. माणूस नाही चुकला.

तक्रार केली. तीस दिवसांनी उत्तर आलं :
माहितीची बँकेकडून खात्री करण्यात आली आहे.
त्या बँकेत गेले, तर ती दुसऱ्या बँकेत विरघळलेली.
तिथली बाई म्हणाली, एवढं जुनं रेकॉर्ड आमच्याकडे नाही.
मी विचारलं, रेकॉर्ड नाही,
तर बाकी कुठून आली?
तिनं पाण्याची बाटली उघडली,
प्यायली, झाकण लावलं,
आणि म्हणाली, लेखी द्या.

लेखी दिलं. घणसोलीच्या गाळ्यात,
गणवेशांच्या ढिगावर पाटी ठेवून,
मुलगी म्हणत होती टाइप करते, मी नको म्हटलं.

"मी, कुंदा ठोंबरे. चार महिने उशीर झाला, तो खरा आहे.
तो माझा आहे, तो खोडू नका.
पण पाचव्या महिन्यापासूनची बारा वर्षं माझी नाहीत.
ती ज्याची असतील त्याच्या नावावर टाका."

एक प्रत लोकपालाला, एक मला.
पावतीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडली,
कोऱ्या बाजूचीसुद्धा.
अन्सारीनं त्या पानाचे पैसे घेतले नाहीत.

किती दिवस गेले मोजले नाहीत.
जूनचे गणवेश देऊन झाले,
मुलांच्या चड्ड्या परत उसवून आल्या, तेव्हा मेसेज आला.

परवा त्याच पोरानं तीच स्क्रीन वळवली.
खातं बंद. बाकी शून्य.
वर चार लाल चौकोन, शेजारी शेजारी,
काजं करून बटणं लावायची राहिल्यासारखे.
"हे मात्र राहिले, मावशी," तो जरा ओशाळून म्हणाला.

राहू दे म्हटलं.
कापड वापरातलं आहे.
आता मोटरच्या कर्जाचा फॉर्म काढ.