वही पुढे देताना

ही घे वही, मृदुला. पुढच्या वर्षी तू.
मला आता जिने चढून
सात घरांची जुनी भांडणं खाली आणवत नाहीत.
भांडी म्हणायचं होतं.
राहू दे, तेही खरंच.

रविवार धर, संक्रांतीनंतरचा.
तोवर प्रत्येकीकडे वाण साचलेलं असतं.
यंदा साबणाच्या एकोणीस डब्या निघाल्या,
त्यातल्या चार माझ्याच हातून गेलेल्या.
त्यांना किंमत लावू नकोस.
टोपलीत टाक, नुसतं ‘घ्या’ म्हण.
फुकटच्या टोपलीशी वाकलेला माणूस
उठताना मिक्सर बघतो.

पाटीवर नऊ लिही.
पाथर्डी फाट्याला जानेवारीत आठ वाजता
गिऱ्हाईक खिशातून हातच काढत नाही.
भद्रकालीतला तो जुन्या सामानवाला मात्र
साडेसहालाच गेटवर उभा असेल, मफलर गुंडाळून.
त्याला चहा दे.
पितळ दाखवू नकोस.

चिठ्ठ्या घराघराच्या वेगळ्या रंगाच्या:
मणियारांची हिरवी, साळव्यांची पिवळी.
ही रेबेकाताईंची अक्कल.
त्याआधी एका इस्त्रीला
विकायच्या आधी मालक नव्हता
आणि विकल्यावर तीन निघाले.

गल्ला गांगुर्डेकाकांकडे.
छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
नोट चिमटीत धरली की खरी-खोटी सांगतात.
पण सुट्टे आदल्या दिवशी तूच आण.
एवढ्या छापल्या त्यांनी,
दहाची एक घरात सापडेना.
आणि क्यूआर ओजसचा लावू नकोस.
गेल्या खेपेला हिशेब लागेपर्यंत
त्याच्या कानात नवे इयरफोन होते.

मुलांना दुपारी घरी पाठव.
मणियारांच्या झोयाने स्वतःचाच भोवरा
पाच रुपयांना परत घेतला,
पाच रुपयेही आईकडूनच मागून.

भांडी मांडण्याआधी
फिरवून बघ. नावं वाच.
हे वहीत नाही, तोंडी सांगते.

खैरनारबाईंच्या टेबलावर स्टीलचा डबा होता, मोठा.
पाण्याच्या टाकीवरून आमचं दीड वर्ष बोलणं नाही,
पण मांडून बसलं की
समोर येईल त्याच्याशी बोलावं लागतं.
‘केवढ्याला?’
‘दीडशे.’
‘शंभर.’
‘अहो, पत्रा बघा! वास्तुशांतीला कुणीतरी दिलेला.
तेव्हा माणसं जाड द्यायची.’

मी डबा फिरवला.
झाकणाच्या कडेला, टिंबाटिंबांनी कोरलेलं:
सप्रेम भेट, आहेर परिवार, २००४.
एक वेलांटी घसरलेली.
ती कोरताना मी दुकानात उभी होते,
मेन रोडला, हे पाणी बाटलीवाल्या रिक्षात थांबलेले,
आणि कोरणाऱ्याला म्हटलं होतं, चालेल,
कोण वाचतंय!

तिनेही वाचलं, माझ्याबरोबरच.
आडनावावरून आयुष्यभर विनोद ऐकलेत मी,
आहेरांचा आहेर, परतीचा आहेर.
हा त्या दिवशी समोरच पडला होता,
आणि दोघींपैकी कुणी उचलेना.

मी दीडशे ठेवले. पुरते.
ती किमतीची चिठ्ठी काढायला लागली, नखाने.
डिंक निघेना.
बराच वेळ खरवडत राहिली,
मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती तरी.

डबा माझ्या ओट्यावर आहे अजून.
रिकामं भांडं कुणाला देऊ नये म्हणतात.
भरून द्यावा तर कशाने, ते ठरत नाही.
चिवडा फार होईल,
साखर फारच.

बाकी काय? हां.
उरलेलं सामान कुणाला परत वर नेऊ देऊ नकोस.
टेम्पोवाल्याचा नंबर शेवटच्या पानावर आहे.
आणि टेबलं रात्री आठच्या आत पोचव,
नाहीतर मंडपवाला
दुसऱ्या दिवसाचं भाडं लावतो.