शून्यावर अर्धा

सावळजच्या पॅकहाऊसात माझं काम कागदाचं.
कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, फायटोची तारीख,
पोचायच्या बंदराच्या रकान्यात रॉटरडॅम.
समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

त्या मार्चमध्ये बोट आली नाही.
बुडाली नाही, उशीरही नव्हता तिला,
वेळापत्रकातूनच गाळली,
हजेरीत नाव पुकारायचं राहून जावं तशी.
इकबाल नदाफ तेरा टन द्राक्षं घेऊन
पनवेलच्या अलीकडं उभा.
पुढं पोलीस, मागं बंद ढाबे.

रोज रात्री नऊला त्याचा फोन.
जेवलास का, हे मी विचारायच्या आत
तो आकडा सांगायचा :
"अर्धा. शून्यावर अर्धा."
मी वहीत लिहायची.

सहाव्या रात्री म्हणाला, "तीन."
जनरेटरचा पट्टा तुटलेला, दुकानं सगळी बंद.
मग साडेअकराला, "साडेतीन."
मी गप्प. तोही.
त्याच्या फोनात कुत्री भुंकत होती.
पहाटे पाचला, "दीड… उतरतंय."
शेजारच्या कंटेनरातला माशांचा माल नेणारा,
तुतुकुडीचा कुणी,
त्यानं आपल्याकडचा जादा पट्टा काढून दिला.
"काय बोलला?"
"बोलणं नाही कळलं, ताई. पट्टा कळला."

इकडं वेलीवर अजून निम्मा माल
आणि रिकामा कंटेनर मिळेना,
सगळे म्हणे परक्या बंदरांत अडकून पडलेले.
पॅकिंगच्या बायांनी डब्या बाजूला सारल्या.
बिरनाळेकाकी म्हणाल्या,
"जायाचं न्हाई म्हणतंय तर हितंच वाळू दे की."
शेडवर जाळ्या चढल्या.
चार किलोंचा एक किलो बेदाणा.
हिशेब वाईट, पण मांडायला हिशेब उरला.

माझं माहेर हरिपूर.
वडील हळदीच्या पेवांवर हमाल.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचे खाली.
विझला, तर माणूस उतरायचा नाही,
मालक वरून कितीही ओरडू दे.
त्यांना कुणी शिकवलं, विचारायचं राहिलं.
पुरानंतर बरीचशी पेवं बुजली.

एकोणिसाव्या दिवशी बोट मिळाली. दुसरी. बंदरही दुसरं.
मी रॉटरडॅमवर रेघ मारून अँटवर्प लिहिलं,
पंधरा पेट्या तिकडं फेकल्या गेल्या म्हणे.
इकबाल घरी आला तो बारीक होऊन,
बायकोनं चौदा दिवस ताट ओट्यावर ठेवलं.

परवा कंपनीचे साहेब आले होते,
पडद्यावर बाण, वर्तुळं,
साखळी कशी लवचीक करायची ते.
मी मागं उभी. भिंतीवर खिळा,
खिळ्याला दोन पट्टे, नवे, तेल लावलेले.
त्यांची पाठ होती तिकडं.

वहीच्या शेवटच्या पानावर एक नंबर आहे,
इकबालनं दिलेला. नाव त्यालाही माहीत नाही.
मी नुसतं लिहून ठेवलंय : पट्टा, तुतुकुडी.
हंगाम सुरू झाला की एकदा लावून बघते.
वाजतो.
मी ठेवून देते.