कोगनोळी नाक्यावरची दुसरी वही

कागदोपत्री तो विक्रीकर तपासणी नाका,
लोकांच्या तोंडी मात्र जकात नाकाच.
जकात म्हणजे मुळात अरबी दानधर्म,
हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं.
तोवर हजारो ट्रक अडवून झाले होते
आणि दान म्हणून कुणी दमडी दिली नव्हती.

रात्री दोन ते चार रस्ता ओस.
निपाणीकडनं तंबाखूचा वास यायचा,
कागलकडनं कुणीच नाही.
अशा वेळी सरकारी वही उलटी करून
मागच्या पानावर रकाने आखायचो:
माल. कुठून. शेरा.
आणि शब्द अडवायचो.

तंबाखू.
कुठून: पोर्तुगीज गलबतातून, त्याच्याही मागं आणखी एक समुद्र.
शेरा: विजापूरच्या दरबारातून मोगलांचा वकील
हा माल आग्र्याला घेऊन गेला, बादशहाला नवलाई दाखवायला.
म्हणजे तेव्हाही आमच्याच बाजूनं वर चढला,
आणि पावती कुणी फाडली नाही.

मिरची, संकेश्वरी.
दस्तगीर ड्रायव्हर पोत्यावर थाप मारून म्हणायचा,
"अस्सल आमच्या मातीतली, साहेब."
साडेपाचशे वर्षांमागं या मातीनं ती पाहिलीही नव्हती.
आली तेव्हा नाव विचारायला कुणाला सवड;
जीभ भाजली, मराठीनं तिला मिऱ्याचं नाव दिलं.
कन्नडनंही मिऱ्याचंच, मेणसिनकाई.
दोघींनी एकमेकींना न विचारता
एकच चूक केली.

पगार. चावी. तुरुंग.
तिघेही पोर्तुगीज, एकाच धक्क्यावर उतरलेले.
शेरा: क्रम संशयास्पद, लक्ष ठेवावे.

शाई.
फारसीत काळेपणा.
म्हणजे मी निळ्या काळेपणानं लिहितोय, असं लिहिलं,
आणि पेन झटकून घेतलं.

एकादशीला परशराम बिर्जेनं डबा उघडला.
साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची.
मी चौघांची झडती घेतली:
चौघेही अमेरिकेतले.
"परशराम, तुझा उपास बोटीनं आलाय."
त्यानं घास थांबवला नाही.
"पोचला न्हवं?" म्हणाला. "मग झालं."
जिरं तेवढं जुनं निघालं. सोडून दिलं.

मग एका पहाटे अचानक तपासणी.
धारवाडचे हिरेमठ साहेब, कानटोपी, हातात टॉर्च.
वही त्यांनी उलट्या बाजूनंच उघडली.
मी उभा. परशराम माझ्याहून जास्त उभा.
साहेब वाचत राहिले.
गोकाकच्या करदंटापाशी हसले:
"अंटु म्हणजे डिंक. बरोबर लिवलंय."
अडकित्त्यापाशी मान हलवली, त्यात त्यांची अडिके होती.
आणि मग एका ओळीवर टॉर्च थांबला.

तूप.
कुठून: घरचं.

साहेबांनी खिशातलं लाल पेन काढलं,
'घरचं' खोडलं, वर लिहिलं: तुप्प. आमच्याकडून.
खाली सही, तारीख, हुद्दा.
"इतकी वर्षं खाताय," म्हणाले, "नोंद चुकीची."
मी म्हटलं, चूक झाली.
मेमो येणार, हे धरूनच चाललो होतो.

त्यांनी विचारलं, डब्यात काय आहे.
भात होता, आमटी होती,
एक भाकरी फडक्यात,
आणि वाटीत तेच, खोडलेलं.
बाकावर बसून साहेबांनी भात कालवला,
वाटी ओढून घेतली, निम्मी ओतली.
"जकात," म्हणाले.
परशराम इतका हसला की कुत्रं उठून बसलं.

भाकरीची दोन शकलं केली तेव्हा
मी विचारलं, ही कुठली लिहू?
ते चावत राहिले बराच वेळ.
तिकडं ट्रक येऊन थांबला, हॉर्न दिला, पुन्हा दिला.
"माहीत नाही," म्हणाले.
मलाही नव्हतं.

नाका उठून आता किती वर्षं झाली.
सरकारी बाजू जमा करून घेतली त्यांनी,
मागची पानं मी फाडून आणली होती.
तो रकाना कोरा आहे,
एक तुपाचं बोट लागलंय तेवढं.
कुणाचं, ते सांगता येत नाही.