शेडकार्ड

कोपरखैरण्याच्या रो-हाउसमागे
दहा बाय बारा जागा सुटली होती.
शेजाऱ्यांनी त्यांच्या जागेत स्वयंपाकघरं वाढवली.
मी खड्डा घेतला.

हातभर मुरूम, मग विटांचे तुकडे, एक कान तुटलेला कप,
आणि त्याखाली काळा, मऊ, खाडीचा वास मारणारा चिखल
शिंपल्यांसकट.
कुंपणापाशी जनार्दन मढवी थांबले,
विडी विझवली, कानावर ठेवली.
"हितं आमचं मीठ पिकायचं, बाला.
हितं झाड?"

एक टेम्पो चिखल बाहेर गेला,
एक टेम्पो पालापाचोळा आत आला,
मग कर्जतपलीकडून कलम आलं, माझ्या कमरेएवढं.
नर्सरीवाल्याने मुलगी देताना विचारतात तसं विचारलं होतं:
वारा किती? ऊन कुठल्या बाजूचं? दुपारी घरी कोण असतं?
नाव उर्वशी.
"म्हणजे अटी घालूनच राहणार," अनसूया म्हणाली
आणि कपडे वाळत घालायची दोरी सोडवून पुढच्या दारी नेली.

पहिली पालवी आली ती मेल्यासारखीच.
तपकिरी, लोळागोळा,
पिळायचे राहून गेलेले मोजे टांगावेत तशी.
मी पाणी वाढवलं. मग बंद केलं.
माती तपासली, पुन्हा तपासली,
रात्री दोनला टॉर्च घेऊन पानं मोजली.
नवव्या दिवशी ती आपली आपण ताठ झाली, हिरवी,
जणू मधल्या काळात इथे कुणी घाबरलंच नव्हतं.
पुढच्या वर्षी तेच. मीही तेच.

एकतीस वर्षं मी रबाळ्याच्या कारखान्यात लाल रंग केला.
सूती लाल, रेशमी लाल, प्लॅस्टिकच्या बादलीचा लाल.
प्रत्येकाला नंबर होता,
आणि नंबर हुकला की अख्खी बॅच
रात्रपाळीत नाल्यात.
सकाळी पुलावरून शाळेची पोरं वाकून बघत.
मीही एकदा त्यांच्यात उभा राहून बघितलं,
"कुणी सोडलं हो हे?" असंही म्हणालो असेन.

सात वर्षं झाड नुसतं झाड होतं.
कुट्टीबाई भिंतीवरून विचारायच्या, "एनी न्यूज?"
सुनेबद्दल विचारावं तशा, आवाज बारीक करून.
मी म्हणायचो, "पानं छान आहेत."

आठव्या फेब्रुवारीत वीजमीटरचा फोटो काढायला
एक मुलगी आली, पाठीवर सॅक, घाईत.
बोळातून हाक मारली तिने,
"काका, फोटोत काहीतरी लाल येतंय,
ते जरा बाजूला घेता का?"

मीटरच्या पेटीसमोर, वितभर अंतरावर,
फांदीने वरून सोडलेलं ते झुंबर.
माझ्या बाजूला नाही, बागेकडे नाही,
बोळात.
पाकळीच्या टोकाशी पिवळा ठिपका,
देठही लाल, देठाचा देठही.
वास काहीच नाही.
मी ते दोन्ही हातांनी बाजूला धरून उभा राहिलो.
रीडिंग चार हजार सहाशे बारा.

दुपारी ट्रंकेतून शेडकार्ड काढलं.
एकेक पट्टी फुलाशी नेली.
बावीस जवळ होता, पण मंद.
सव्वीस जवळ होता, पण ओरडत होता.
ऊन सरकलं तसं फूलच बदललं
आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.
अनसूया चहा ठेवून गेली, काही बोलली नाही.
चहावर साय आली.

तिसऱ्या दिवशी खाली पडलेलं एक फूल
मढवींनी चपलेच्या टोकाने हळूच सरळ केलं.
"फळ काय धरतं?"
"सहसा नाही."
"लाकूड?"
"कुणास ठाऊक."
"मंग लावलास कशाला?"

मी बोळात तसाच उभा.
टनावारी लाल केला मी,
कपड्याला, कागदाला, काड्यापेटीला, नाल्याला,
एकतीस वर्षांत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.