नांगरावर की वाळूवर

हर्णैला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही.
ती लांब उभी राहते, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला.
मासळी आणायला होडकी जातात,
पुढे बैलगाडी, आसापर्यंत पाण्यात.

ऑफिसातून आणलेला तक्ता मी याच वाळूत उघडलाय:
एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत उपग्रह ओढून नेणारं वाहन,
पुन्हापुन्हा वापरायचं.
दर खेपेनंतर खाली आणायचं,
की वरच ठेवायचं, कायमचं, नांगरावर?

वरच, असं माझं मत. सोमवारी मांडायचंय.
उतरायचं म्हटलं की उष्णतेची ढाल आली, पंख आले,
सगळं ओझं फक्त घरी येण्यापुरतं,
आणि परत जाताना तीच फुटती लाट.
होडीवाल्याला विचारा, दम जातो तो
पहिल्या शंभर वावांत.
पुढचा दर्या त्यामानाने फुकट.

लतीफचाचा मिरकर कलत्या बोटीखाली आडवे पडून
फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत होते.
डिझेल कोण नेणार, त्यांनी विचारलं.
होडकी, मी म्हटलं.
"आणि पाऊस?"
पाऊस नाही, चाचा. वादळ नाही, खारं पाणी नाही,
बुडाला कालवं चिकटत नाहीत.

"मग बोट ओढायची कधी?"

मी हसले. ते हसले नाहीत.
"ही वाळूवर येते ती काय मालकाच्या मर्जीने?
पाऊस हाकलतो म्हणून येते.
आली की मी खाली शिरतो,
आणि दरसाल काहीतरी गावतंच.
ज्या दर्याला पावसाळा नाय
तिथं मालक म्हणणार, अजून एक खेप. अजून एक."

मग बोटाच्या पेराने फळी वाजवली, कान लावला.
भरीव.
पुढची. भरीव.
तिसरीवर परत आले, दोनदा.
"हे तिथं कोण करील?"
तिथं ऐकू येत नाही, चाचा. हवाच नाही.
"ऐकू नको. हात ठेवला तर
हाताला लागेल ना?"

लागेल. धातूतून थरथर येते.

भरती तक्त्यापर्यंत आली, मी उठले.
माझं मत अजून तेच आहे.
फक्त समासात पेन्सिलीने दोन गोष्टी वाढल्यात:
एक हात,
आणि एक सक्तीचा पावसाळा.
वजनाच्या रकान्यात त्यांच्यापुढे काय लिहायचं
ते ठरत नाहीये.