भट्टीचा वार

पैसे भरून येतात लोक माझ्याकडे
बटाटे काढायला.
पोर्तोहून, लिस्बनहून, एक जण तर थेट जिनिव्हाहून.
आल्या दिवशी मी त्यांचे फोन घेते
आणि राईच्या पिठाच्या पेटीत ठेवते.
पीठ मऊ असतं, काही फुटत नाही.

माझा मुलगा लक्झेंबर्गमध्ये फरशा बसवतो.
त्याला सांगितलं तर हसला:
आई, मी ज्यातून पळालो त्याला तिकीट लावलंस?
लावलं. छप्पर गळत होतं.

सकाळी ते अनवाणी दवात उभे राहतात, डोळे मिटून.
मी काही बोलत नाही.
शेळ्या मात्र बघत राहतात.
दुपारपर्यंत तळहातांना फोड येतात
आणि मग कुठे ते एकमेकांशी बोलू लागतात:
मीठ कुठंय, चिंधी आहे का, जरा सरक.

गुरुवारी गावची भट्टी.
पूर्वी अकरा घरांचे वार ठरलेले.
ज्याचा वार झाला त्यानं
आंबवणाचा मूठभर गोळा, ओल्या फडक्यात,
पुढच्या घरच्या उंबऱ्यावर ठेवायचा.
भांडण असलं तरी ठेवायचा.
माझ्या सासूनं आणि शेजारच्या देओलिंदानं
एका चेस्टनटच्या झाडावरून नऊ वर्षं अबोला धरला,
गोळा एकदाही चुकला नाही.

आता नऊ घरांना कुलपं. देओलिंदाच्या मुली पॅरिसला.
दहाव्यात आदेरितो,
तो दुकानातला पाव दुधात भिजवून खातो.
म्हणजे गोळा मीच ठेवते, मीच उचलते.
या हातातून त्या हातात,
वीस वर्षं.

यंदा इयोलांदा आली होती, दातांची डॉक्टर.
कमी बोलणारी, नखं कुरतडलेली.
पाव भाजून झाल्यावर गोळा हातात घेऊन विचारते,
आता हा कुणाला द्यायचा?

मी भट्टीत एक लाकूड सारलं.
भट्टीचं काम तर संपलं होतं.

रविवारी त्यांची गाडी गेली.
पेटीतले फोन गेले,
पिठात त्यांचे चौकोनी खळगे राहिले.
कोबीला पाणी वळवायला निघाले
तर देओलिंदाच्या बंद दाराशी,
गंजलेल्या कडीखाली, ओलं फडकं.
आत गोळा, फुगत चाललेला.

उचलायला वाकले.
मग हात मागे घेतला, थोडी थांबले,
कुणी दार उघडलंच तर.